गादी जागेवर, दार रस्त्यावर

रावेर,
रविवार, दि. १२ डिसेंबर १९९९

तीर्थस्वरूप अभिमन आबांच्या चरणी,

धाकटा मावसभाऊ भाईदास याचा नमस्कार पोचावा. कंबरेचा मणका सरकल्यापासून डॉक्टरांनी मला वाकायची मनाई केली आहे, तरीही हा नमस्कार पूर्ण वाकून केलेला आहे, याची नोंद घ्यावी. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईबाई अक्कांची साखर उतरली का? (उतरली नसेल तर मी दिवाळीत पाठवलेल्या केळ्यांना दोष देऊ नये. ती तुमच्यासाठी होती. अक्कांनी ती तुमच्या आधी खाल्ली, हा तुमच्या घरातला मामला आहे.) शिंदखेड्याला नळ किती दिवसांआड येतो? शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रस्त्यात पोरं तुम्हाला बघून अजून सायकलवरून उतरतात, असं परवा कुणीतरी सांगितलं. ऐकून बरं वाटलं. आपल्या खानदानात कुणाला तरी गाव घाबरतं.

इकडे बठ्ठं बेस शे, सगळं छान आहे. म्हणजे कालपासून आहे. गेल्या मंगळवारपासून काल दुपारपर्यंत तुमचा हा भाऊ ना छापखान्यात होता ना घरात, तो मधल्या मध्ये लटकत होता. ते सगळं सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारख्या हेडमास्तरांना सविस्तर लिहिलेलं आवडतं आणि माझ्यासारख्याला मुद्द्यावर यायला वेळ लागतो.

रुपचंद रतनलाल ही इथली केळीची जुनी आडत. रुपचंद शेट वारले त्याला जमाना झाला, आता गादीवर त्यांचे चिरंजीव रतनलाल शेट बसतात. वय सत्तर, नजर तिशीची. घडाकडे लांबून बघून फण्या किती ते सांगतात. त्यांचा मुलगा अभयकुमार एम. कॉम. झालेला आहे, आणि ते शिक्षण वाया जाऊ नये म्हणून त्याला रावेरची केळी मस्कतला पाठवायची आहेत. शेटांचं म्हणणं असं की केळी दिल्लीपर्यंत जाते तेच तिच्या वयाला पुष्कळ झालं. बापलेकांचं हे भांडण दोन वर्षं चाललं. अखेर मे महिन्यात अभयने पुण्याच्या एका माणसाकडून पेढीची वेबसाइट करून घेतली. वेबसाइट म्हणजे कॉम्प्युटरमधलं दुकान, एवढं धरून चाला. जगात कुठूनही पत्ता टाइप केला की दुकान समोर उघडतं. तुम्ही कपाळाला आठ्या घातल्यात हे मला इथून दिसतंय, पण मी स्वतः पाहिलं आहे.

आता या दुकानाची एक गंमत. पुण्याच्या माणसाने दुकान सजवलं ते समोरच्या जागेत नव्हे, आतल्या एका खोलीत. खोलीचं नाव त्याने ठेवलं 'नवीन'. म्हणाला, तुम्ही पसंत करा, मग सगळं पुढे आणून मांडतो. त्यामुळे पूर्ण पत्ता असा झाला: पेढीचं नाव, डॉट कॉम, मग एक तिरपी रेघ, आणि रेघेपुढे 'नवीन'. नुसत्या नावावर, म्हणजे अगदी दर्शनी जागेत, त्याने तात्पुरतं एक चित्र लावून ठेवलं. पिवळी टोपी घातलेला बारका माणूस फावड्याने खड्डा खोदतोय आणि वर इंग्रजीत लिहिलंय, काम चालू आहे. शेटांनी दुकान पसंत केलं त्याच आठवड्यात पुण्याचा माणूस अमेरिकेला गेला, आणि खोदणारा मागे राहिला. आबा, मी सहा महिने तो माणूस अधूनमधून पाहतोय. तो घाम पुसत नाही, विडी ओढायला बसत नाही, साहेब गेला म्हणून फावडं टाकत नाही. सरकारी खात्यात असा माणूस मला आजवर आढळलेला नाही.

यात कुणाचं काही अडत नव्हतं. अभय ज्याला त्याला रेघेसकट पत्ता द्यायचा, आणि लोक मागच्या खोलीत जाऊन केळी बघून यायचे. अडलं ते कॅलेंडरमुळे. पेढी दरवर्षी कॅलेंडर वाटते आणि ते माझ्याकडे छापतात. यंदा वर्ष दोन हजार म्हणून पाच हजार प्रती, लक्ष्मीच्या चित्राखाली पेढीचं नाव आणि त्याखाली वेबसाइटचा पत्ता. अभयने पत्ता स्वच्छ अक्षरात लिहून दिला होता, रेघ आणि 'नवीन' सकट. तो मी पाहिला आणि माझ्यातला पंचवीस वर्षांचा मुद्रक जागा झाला. तुम्हाला इकडची रीत सांगायला नको. रावेरात पाकिटावर 'रतनलाल शेट, रावेर' एवढं लिहिलं की पत्र पोचतं. वर गल्ली लिहिली तर शेटांना ते लागतं. गल्ली लिहायची वेळ आली म्हणजे माणूस अनोळखी झाला. आजवर छापलेल्या लग्नपत्रिकांमधून मोठ्या माणसांच्या नावापुढची गल्ली, घरनंबर, अमक्याच्या मागे आणि तमक्याच्या समोर हे सगळं मी मान म्हणून कापत आलोय. शिवाय तीन पिढ्यांच्या पेढीपुढे 'नवीन' हा शब्द? मला तो लक्ष्मीच्या पायाशी बसलेल्या उंदरासारखा दिसला. (उंदीर गणपतीचा, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर खटकला.) मी शेपूट कापलं. इंटरनेटच्या पोस्टमनला रतनलाल शेट माहीत नसतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कॅलेंडरं केळीच्या ट्रकांबरोबर दिल्ली, कानपूर, लुधियाना अशी गेली. एक अभयने पत्रासोबत मस्कतच्या व्यापाऱ्याला पाठवलं. गेल्या मंगळवारी मस्कतहून फॅक्स आला. मजकूर सभ्य होता. तुमचं कॅलेंडर सुंदर आहे, तुमचं दुकान बघायला गेलो, तिथे एक गृहस्थ खड्डा खोदत आहेत. आमच्या दुसऱ्या एका देशातल्या पार्टीशी शनिवारी बोलणं पक्कं होणार आहे. तोवर तुमचं बांधकाम पुरं झालं तर कळवावे.

फॅक्स पहिल्यांदा शेटांच्या हातात पडला. त्यांनी मला आणि अभयला समोर बसवलं.

"कोण खोदतोय?" शेट म्हणाले. "आपण कुठं बांधकाम काढलंय? नगरपालिकेची परवानगी घेतली का?"

अभयने सगळं समजावून सांगितलं. शेटांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "मग पत्ता कापला कुणी?" अभयने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून एक नाव निघालं. (माणूस घाबरला की देवाचं नाहीतर वडीलधाऱ्यांचं नाव तोंडी येतं, त्यात नवल नाही.) शेटांनी निकाल तिथेच दिला. शनिवारी मस्कतचा होकार आला तर केळी जाईल. नाही आला तर कॉम्प्युटर भंगारात, आणि सोमवारी सकाळच्या पॅसेंजरने अभय बोदवडला, काकांच्या कापसाच्या दुकानात, कायमचा. अभयचा चेहरा मी पाहिला. बोदवड काही वाईट गाव नाही, पण दोन वर्षं ज्या पोराने भिंतीवर मस्कतचा नकाशा लावलाय त्याला कापसाच्या गाठींवर बसवणं, आणि तेही माझ्या कात्रीपायी! त्या दिवशी मी जेवलो नाही. (दुपारी. संध्याकाळी थोडं जेवलो.)

उपाय सरळ दिसत होता: आतल्या खोलीतलं दुकान उचलायचं आणि दर्शनी जागेत मांडायचं. अभय वडिलांना तसं म्हणाला, आणि तिथेच सगळं फिसकटलं. त्याने शब्द वापरला 'हलवू'. या पेढीत गादी हलवणं ही गोष्ट बोलायचीसुद्धा नाही. फार वर्षांपूर्वी रुपचंद शेटांनी गिऱ्हाईक वाढावं म्हणून आतल्या खोलीतली गादी उचलून रस्त्यालगत मांडली होती, आणि त्याच उन्हाळ्यात असं वादळ झालं की एकाही बागेत केळ उभी राहिली नाही. गादी परत आत गेली. तेव्हापासून पुढच्या ओट्यावर चुडामण मुनीम बसतो, गिऱ्हाईक आलं की त्याला बोळातून आत नेतो, आणि तिथे त्याच जागेवर, त्याच भिंतीला टेकून शेट बसलेले असतात. दर दिवाळीला गादीवरची चादर बदलते, गादी नाही.

"बाबूजी, ही गादी नाही, कॉम्प्युटरमधलं दुकान आहे," अभय म्हणाला.

"नाव कुणाचं आहे त्यावर?"

"आपलं."

"मग गादीच झाली. हलणार नाही."

बुधवारी दुपारी शेट वामकुक्षीला पडले असताना अभयने गुपचूप सगळं पुढे हलवलं. मी शेजारी होतो. पापात अर्धा वाटा माझा. पहिलं पान झकास उघडलं. पण आत शिरावं तर केळ्यांच्या फोटोंच्या जागी लाल फुल्या, आणि कुठेही बोट लावलं तरी 'असं पान सापडत नाही'. झालं होतं ते असं, की पुण्याच्या माणसाने आतल्या पानापानावर एकमेकांचे पत्ते 'नवीन खोलीत अमुक जागी' असे लिहून ठेवलेले, आणि आता ती खोलीच उरली नव्हती. अख्खं बिऱ्हाड नव्या घरी आलं, पण घरातलं जो तो दुसऱ्याला जुन्या घरी शोधतोय. अभयने घाम पुसत सगळं होतं तिथे परत ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला: पेढीच्या ट्रकचा पाटा सावद्याजवळ तुटला. शेट उठून बाहेर आले. फोन ठेवला, पोराकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "काय हलवलंस?"

त्यानंतर कॉम्प्युटरवर जाजम पडलं.

आता कुंदाबाईंकडे येतो. खरं म्हणजे तिथूनच सुरुवात करायला हवी होती. माझ्या छापखान्याच्या वर त्यांचा टायपिंग क्लास आहे. वय बेचाळीस, बोलणं मोजकं, चष्मा दोरीला बांधलेला. अठरा वर्षं त्यांचे बारा टाइपरायटर माझ्या डोक्यावर चालतात, आणि मी पोह्यांच्या गिरणीखाली राहिल्यासारखा राहतो. अर्धं रावेर त्यांच्या हाताखालून गेलंय; कचेरीतले दोन कारकून अजून त्यांना जिन्यात बघून विडी विझवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि जळगावहून वेबसाइट कशी करावी याचं उशीएवढं इंग्रजी पुस्तक आणलं. शेजारी शब्दकोश ठेवून त्या ते पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. धडा संपला की उत्तर आधी वहीत लिहायच्या, लाल शाईने स्वतःच तपासायच्या, आणि मगच कॉम्प्युटरला हात लावायच्या. मी टवाळी करायचो. म्हटलं, बाई, एवढं लिहिता, रावेरात हे वाचणार कोण? त्या म्हणाल्या, "वाचता येणारे." त्यानंतर आठ दिवस मी जिना चढलो नाही.

गुरुवारी मात्र चढलो. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी सल्ला दिला नाही, धीर दिला नाही, मला नावंही ठेवली नाहीत. (यातलं शेवटचं सगळ्यात जास्त लागलं.) शुक्रवारी सकाळी त्या पेढीवर गेल्या आणि अर्धा तास पुढच्या ओट्यावर नुसत्या बसून राहिल्या. गिऱ्हाईक येतं कसं, चुडामण मुनीम उठतो कधी, बोळाकडे हात कसा करतो, हे बघत. मस्कतला शुक्रवारी सुट्टी असते म्हणून तो एक दिवस आम्हाला मिळालेला, आणि बाई त्यातला अर्धा तास ओट्यावर घालवतायत! मी दाराआडून मनगट दाखवून घड्याळाची खूण केली, ती त्यांनी पाहिली नाही. मग त्या आत जाऊन शेटांसमोर बसल्या.

"शेटजी, ओट्यावर मुनीम कशाला बसवलाय?"

"गिऱ्हाइकाला आत आणायला."

"उद्या त्याच्या जागी खड्डा खोदणारा बसवला तर?"

"गिऱ्हाईक पळेल ना बाई."

"तेच झालंय. गादी तठेच ऱ्हाऊ द्या. ओट्यावरचा माणूस फक्त बदलायचा आहे."

शेट सावध झाले. "गादीला हात?"

"नाही."

"आतल्या खोलीतलं काही?"

"एक कागद लागेल, पहिला. तोही मी उचलणार नाही. नक्कल करून घेईन. मूळ कागद जागेवरच राहील."

शेट उठून कॉम्प्युटरपाशी गेले. मी मनातल्या मनात अभयचं बोदवडचं तिकीट काढलं होतं. मग ते म्हणाले, "नक्कलेला मुहूर्त लागत नाही," आणि स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरवरचं जाजम ओढलं.

पुढचं मी त्यांच्या खुर्चीमागे उभं राहून पाहिलं, आणि आबा, आयुष्यात मी फार थोडी कामं अशी पाहिली आहेत. आतल्या दुकानाचं पहिलं पान त्यांनी नक्कल करून बाहेर घेतलं. त्या एका पानावर मात्र आतल्या वस्तूंचे पत्ते 'शेजारच्या खोलीत', 'इथेच कपाटात' अशा थाटाचे होते. घरात उभं राहून वाचलं तर बरोबर, रस्त्यावरून वाचलं तर अर्थ लागत नाही. असे सात पत्ते निघाले. कोणते सात, ते त्या आदल्या दिवशीच वहीत लिहून आल्या होत्या. त्या प्रत्येक पत्त्यापुढे त्यांनी खोलीचं नाव घातलं. मी कापलेली गल्ली त्यांनी सात ठिकाणी जोडली म्हणा. बस्स. आतलं एक पान, एक फोटो, एक अक्षर हललं नाही. मग त्या खोदणाऱ्याकडे वळल्या. मला वाटलं आता पुसून टाकणार. तर नाही, त्याला त्यांनी दुसरं नाव देऊन बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "आपलं चुकलं तर हाच लागेल. काढलेला माणूस हाकलून द्यायचा नसतो, पत्ता घेऊन ठेवायचा असतो." इंटरनेटचा फोन तिसऱ्यांदा लागला, जोडणी होतानाचा तो चिरकणारा आवाज झाला, आणि नवा मुनीम ओट्यावर जाऊन बसला. सगळं मिळून वीस मिनिटं.

अभयने नुसतं पेढीचं नाव टाइप केलं. केळी! फोटोवर बोट लावलं, पुढचं पान उघडलं. एकही लाल फुली नाही. मग त्याने भीत भीत रेघ आणि 'नवीन' लावून जुना पत्ता टाइप केला. तिथेही केळी. म्हणजे ज्यांना आधी लांब पत्ता दिला होता तेही चुकले नाहीत. शेट पुढे वाकून बघत होते. "म्हणजे बोळातून येणारा बोळातून येईल, पुढून येणारा पुढून येईल, आणि पोचणार दोघं गादीवरच," ते म्हणाले. कॉम्प्युटरबद्दल इतकं शहाणं वाक्य मी पुण्याच्या माणसाकडूनही ऐकलं नव्हतं.

काल, शनिवारी, अकरा चाळीसला फॅक्स आला. दुकान पाहिलं, खोदणारे गृहस्थ दिसले नाहीत, अभिनंदन. पहिल्या कंटेनरचा भाव कळवा. शेवटी एक ओळ: तुमचा पत्ता लहान असल्याने आमच्या माणसांना लगेच पाठ झाला. अभय फॅक्सचा कागद हातात धरून उभा होता आणि बोलायचं काय ते त्याला सुचत नव्हतं. शेटांनी त्याच्या तोंडात पेढा घातला, म्हणजे तोही प्रश्न मिटला. मग कुंदाबाईंना पेढा देत म्हणाले, "एवढंसं तर काम होतं, बाई." "हो, एवढंसंच होतं," त्या म्हणाल्या, आणि एक वाजताच्या बॅचला निघून गेल्या.

मला ते 'एवढंसं' अजून टोचतंय. अख्खं बिऱ्हाड हलवायला ताकद लागते, ती बुधवारी आम्ही दोघांनी दाखवली. कुठे हात लावायचा नाही हे कळायला काय लागतं ते मला या वयात, छताखाली अठरा वर्षं ठकठक ऐकून, परवा कळलं. मी जन्मभर लोकांची टर उडवत आलो. या बाईंची उडवायला गेलं तर धरायला टोकच सापडत नाही.

असो. पत्र फार लांबलं. अक्कांना माझा नमस्कार, पोरांना आशीर्वाद, गुडघ्याला एरंडेल.

तुमच्या आज्ञेतला (बहुतेक वेळा),
भाईदास

ता. क. सोबत दोन कॅलेंडरं पाठवतो आहे. खालचा पत्ता बिनधास्त कुणालाही द्या. तो आता खरा झाला आहे.

ता. क. २. मंगळवारी शेटांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालेलं नाव तुमचं होतं. "माझे सगळे मजकूर शिंदखेड्याचे आमचे हेडमास्तर आबा तपासतात, त्यांनीच कापला," असं मी म्हणालो. शिंदखेडा लांब आहे, शेट काही तिथे जाणार नाहीत, असा हिशेब होता. पण मस्कतच्या फॅक्समधली ती शेवटची ओळ वाचल्यापासून शेट म्हणतायत की ज्याने शेपूट कापलं तो दूरदृष्टीचा माणूस. येत्या गुरुवारी ते एका लग्नाला शिंदखेड्याला येत आहेत, आणि मांडवात चारशे माणसांसमोर तुम्हाला शाल आणि नारळ देणार आहेत.

ता. क. ३. नाही म्हणू नका, एवढीच विनंती. खरं सांगितलंत तर मी खोटा ठरेन, आणि या पेढीचं छपाईचं काम माझ्याकडे राहणार नाही. शाल घ्या. फक्त घेताना चार शब्द बोला की कापणं सोपं असतं, जोडलं ते कुंदाबाईंनी. मी सांगितलं तर शेट पुन्हा 'एवढंसं' म्हणतील. हेडमास्तरांनी माइकवरून सांगितलं तर त्यांची तशी छाती होणार नाही.

टायपिस्टचा ता. क. आबासाहेब, नमस्कार. भाईदासभाऊंचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नाही, म्हणून त्यांची पत्रं माझ्याकडे टाइप व्हायला येतात, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. माझी स्तुती दोन ठिकाणी कमी केली आहे. वेळ वीस मिनिटं नव्हती, बारा होती. शाल तुम्हीच ठेवा, शिंदखेड्याला थंडी असते. शेटजींना माझ्यासाठी एकच गोष्ट विचारा. दुकानाच्या पहिल्या पानाच्या तळाशी 'बनवणारे' म्हणून अजून पुण्याच्या माणसाचं नाव आहे. त्याच्याखाली माझंही असावं अशी माझी इच्छा आहे. बदलायला मला एक मिनिट लागेल आणि किल्लीही माझ्याकडेच आहे, पण दुसऱ्याच्या पेढीत विचारल्याशिवाय अक्षर घालायचं नसतं. होकार आला तर पोस्टकार्डाने कळवावे.

— कुंदाबाई, टायपिंग क्लास, छापखान्याच्या वर, जिना मागच्या बाजूने, रावेर.